आमचा प्रोग्राम सर्वांना खुला आहे

रात्री तीन वाजता भाईंदर पश्चिमेच्या एका गॅलरीतून आमचा प्रोग्राम हजेरी घेऊ लागला. "शुभ संध्याकाळ. आजच्या नेटमध्ये आपलं स्वागत आहे," असं त्याने आपल्या सर्दी झालेल्या आवाजात जाहीर केलं आणि एकेकाचा कॉलसाइन पुकारायला सुरुवात केली. मीरा रोडपासून उत्तनपर्यंत ज्यांच्या ज्यांच्या उशाशी सेट होता ते सगळे दचकून उठले. हॅम माणूस झोपताना सेट बंद करत नाही. तो आवाज कमी करतो आणि बायकोला सेट बंद केल्याचं सांगतो. मी घड्याळ पाहिलं, पुन्हा आडवा होणार तोच माझा कॉलसाइन आला आणि सवयीने हात माइककडे गेला. "हजर," मी म्हणालो.

"कुठे?" शेजारून अंधारात प्रश्न आला.

आश्चर्य म्हणजे त्या रात्री जवळजवळ सगळेच हजर होते. एरवी नऊच्या नेटला, म्हणजे आमच्या रेडिओवरच्या बैठकीला, निम्मी मंडळी येत नाहीत. कुणाची गाडी लेट असते, कुणाची मालिका चालू असते. पहाटे तीनला मात्र कुणालाच सबब सुचली नाही.

झालं होतं ते असं. संध्याकाळी सातला वीज गेली आणि रात्री एकला आली. आमचा प्रोग्राम राहतो रास्पबेरी पाय नावाच्या, एटीएम कार्डाएवढ्या कॉम्प्युटरवर. त्याच्या जुन्या मॉडेलमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळच नसतं. वीज आली की तो इंटरनेटला वेळ विचारतो. इंटरनेटचा डबा त्या रात्री मेलेला होता, त्यामुळे पायने शेवटची आठवत असलेली वेळ धरली, म्हणजे सात, आणि तिथून पुढे मोजायला लागला. त्याच्या हिशेबाने बरोबर नऊ वाजले होते. इतक्या प्रामाणिकपणे उशिरा येणारं आमच्या ग्रुपमध्ये दुसरं कोणी नाही.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हौशी रेडिओ, म्हणजे हॅम, हा छंद भारतात १९७८च्या नियमांनी चालतो. केंद्र सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, मग व्हीयू टू किंवा व्हीयू थ्रीने सुरू होणारा कॉलसाइन मिळतो. बारा वर्षांचं पोरही परीक्षेला बसू शकतं आणि बहुधा आमच्यापेक्षा बरे मार्क मिळवतं. धंद्याचं बोलायचं नाही, गाणी लावायची नाहीत, सांकेतिक भाषेत कुजबुजायचं नाही आणि कोणाशी केव्हा बोललो याची नोंदवही ठेवायची. या साऱ्यांहून मला प्रिय असलेला एक नियम आंतरराष्ट्रीय होता. दोन देशांतल्या हौशी केंद्रांनी आपसांत बोलायचं ते एक तर तांत्रिक प्रयोगांविषयी, नाही तर इतकं बिनमहत्त्वाचं, की त्यासाठी टेलिफोन-तारेवर पैसे घालवणं योग्य ठरू नये! महत्त्वाचं बोललात तर नियमभंग. २००३ साली जिनिव्हाच्या परिषदेत त्या वाक्याची काटछाट झाली, पण आमच्या नेटपर्यंत ती बातमी अजून पोचलेली नाही. आम्ही मीरा रोडचं हवामान भाईंदरला कळवतो. मध्ये एकही स्टेशन नाही.

समोरच्याचा आवाज कसा येतो ते दोन आकड्यांत सांगायची पद्धत आहे. पाच म्हणजे शब्द न् शब्द कळला, नऊ म्हणजे सिग्नल जोरदार. आमच्याकडे सगळ्यांना सरसकट फाईव्ह-नाईन मिळतो. "फाईव्ह-नाईन काका, फाईव्ह-नाईन! काय म्हणालात ते परत सांगा." कमी मार्क दिले की माणसं दुखावतात आणि मग दोन दिवस नेटवर येत नाहीत.

जागा तशी आम्हाला निसर्गाने छान दिली आहे. तिन्ही अंगांना खाडी, समुद्र नि मिठागरं. खाऱ्या पाण्याच्या काठची उभी अँटेना दूरवर बोलते, हे जगभरचे हॅम सांगतात. पण समुद्र निसर्गाने दिला तरी गच्ची सोसायटी देते. सात मेगाहर्ट्झची डायपोल म्हणजे दोन टोकांना ताणून बांधलेली साधारण वीस मीटरची तार. अशी तार गच्चीवर दिसली की अख्ख्या इमारतीला आपल्या घरातल्या ओल्या साड्या आठवतात. माझ्या सेटवरचा काटा एकदा अचानक भलतीकडे गेला, म्हणून वर जाऊन पाहिलं तर अँटेनेवर तीन मजल्यांचं धुणं. "ही कपडे वाळत घालायची दोरी नाही," मी समजावून सांगितलं. "मग कसली आहे?" "रेडिओची." "मोबाइल नाही का तुमच्याकडे?" या प्रश्नाचं उत्तर हॅम लोकांनी गेल्या पंचवीस वर्षांत शोधलेलं नाही. आपत्तीत आम्ही उपयोगी पडतो, डिसेंबर २००४च्या त्सुनामीत अंदमानात हॅमनीच निरोप पोचवले, हे मी सांगतो. पण तेवढ्यात साडी वाळलेली असते.

तर असा आमचा ग्रुप, आणि त्याची हजेरी घेणारा, लॉग लिहिणारा, उद्या नेट कोणी चालवायचं त्याची पाळी लावणारा हा प्रोग्राम. तो लिहिला एकाच माणसाने. अंधेरीला नोकरी करणारा हा आमचा मित्र लोकलमध्ये उभ्या उभ्या, एका हाताने कडी धरून प्रोग्राम लिहितो आणि तो वाचला की कुठली ओळ कुठल्या स्टेशनात लिहिली ते ओळखता येतं. दहिसरच्या पुढे सगळं विस्कळीत आहे. आतल्या सगळ्या गोष्टींना त्याने क, कक, ककक अशी नावं दिली आहेत. चौथा 'क' कशाचा आहे ते त्यालाही आठवत नाही, पण तो काढला की आवाज बंद होतो.

तीन वाजताच्या हजेरीनंतर सकाळी सगळ्यांनी त्याला फोन केले. तो गणपतीला गावी गेला होता, कणकवलीच्या आत, जिथे रेंजसाठी टेकडी चढावी लागते. दर गणपतीत प्रोग्राम बिघडतो आणि दर गणपतीत तो टेकडीवर चढून, एका हातात फोन आणि दुसऱ्यात मोदक घेऊन सूचना देतो. या वेळी तो खाली उतरलाच नाही असं कळलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला: "मी सगळं उघडून ठेवलंय. ज्याला दुरुस्त करायचं त्याने करावं. गणपती बाप्पा मोरया."

आमच्या नेटचा प्रोग्राम अशा रीतीने सर्वांना खुला झाला.

ग्रुपमधल्या कॉलेजच्या पोराला हर्षवायू झाला. त्याने एका रविवारी सगळ्यांना जमवून भाषणच ठोकलं. प्रिन्स्टनचे जो टेलर यांना १९९३ साली पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. ते हॅमही आहेत. त्यांनी क्षीण सिग्नल ऐकणारा आपला प्रोग्राम २००५मध्ये सर्वांना खुला केला, जगभरच्या लोकांनी हात लावला आणि २०१७मध्ये त्यातून एफटी-एट निघालं. गोंगाटात बुडालेला, कानाला मुळीच न ऐकू येणारा आवाज कॉम्प्युटर त्यातून उचलतो. (विरार लोकलमध्ये 'पुढचं स्टेशन' ऐकण्याचा सराव असलेल्यांना याचं विशेष वाटलं नाही.)

"त्यावर बोलायचं काय?" काकांनी विचारलं. काका सरकारी नोकरीतून निवृत्त, ग्रुपमध्ये सर्वांत ज्येष्ठ, आणि राजीव गांधींच्या व्हीयू टू आरजीशी आपण प्रत्यक्ष बोललो असं सांगणाऱ्या पिढीतले. त्या पिढीतले सगळेच बोलले आहेत. राजीवजींना इतर कामाला वेळ कसा मिळाला कोण जाणे.

"बोलायचं नाही काका. एक कॉम्प्युटर पंधरा सेकंद पाठवतो, दुसरा पंधरा सेकंद उत्तर देतो. कॉलसाइन, सिग्नल, नमस्कार. झालं."

"आणि आपण?"

"आपण बघायचं."

"म्हणजे मुलगी बघायला कॉम्प्युटर जाणार आणि आपण पोहे खायचे," काका म्हणाले आणि त्यांनी एफटी-एट कायमचं फेटाळलं.

पोरगा हटला नाही. त्याने हैदराबादच्या अशर फरहान यांचं उदाहरण काढलं. त्यांनी २००३च्या सुमारास बिटएक्स नावाचा स्वस्तातला सेट रचला, असा की त्याचे भाग इथल्या साध्या दुकानात मिळावेत. त्याची कॉइल त्यांनी चक्क नळाच्या वॉशरवर गुंडाळली. आराखडा सगळ्यांना दिला. पुढे त्यांच्याच मायक्रोबिटएक्सचा प्रोग्रामही खुला होता आणि कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी त्यात भर घातली. हे मात्र काकांना पटलं. त्यांनी घरी जाऊन नळ उघडला. वॉशर काढला, कॉइल झाली, नळ मात्र गळू लागला. तो अजून गळतो आणि काकू हौशी रेडिओबद्दल जे बोलतात ते परवान्याच्या अटींत बसत नाही.

मग परवान्याचा मुद्दा निघाला, म्हणजे प्रोग्रामच्या. जीपीएल नावाचा जो जुना परवाना आहे तो पोराने वाचून दाखवला. कोणीही वापरा, बदला, वाटा, पण बदललेलं दुसऱ्याला दिलंत तर आतली रचनाही द्या. इथवर ठीक होतं. पुढचा परिच्छेद सगळा मोठ्या अक्षरांत होता, त्यात म्हटलं होतं की हा प्रोग्राम चालेलच याची कसलीही हमी नाही.

"मग घ्यायचा कशाला?" खजिनदार म्हणाले.

"फुकट आहे."

"फुकट आहे ते ठीक. पण चालणार नाही हे लेखी द्यायची काय गरज? तोंडी सांगितलं असतं तर चाललं असतं."

बदल पाठवण्याच्या विनंतीला या जगात 'पुल रिक्वेस्ट' म्हणतात. 'पुल रिक्वेस्ट पाठवा' अशी सूचना ग्रुपवर गेली मात्र, संध्याकाळपर्यंत तीसेक सह्या जमल्या. भाईंदर–नायगाव खाडीपुलाची मागणी आपल्या ग्रुपने हाती घेतली असाच सर्वांचा समज झाला होता. दोघांनी तर पूल कुठे उतरावा त्याचे नकाशे जोडले. सांगायला खेद वाटतो, पण आमच्या खुल्या प्रोग्रामला मिळालेला तो आजवरचा सर्वांत मोठा प्रतिसाद आहे.

खरे बदलही आले. पहिला बदल काकांचा. त्यांनी प्रोग्राम छापून आणला, लाल पेनाने तपासला आणि समासात शेरे मारले: 'कंस सुरू केल्यावर वेळेत बंद करावा', 'हा क कोण?', 'पृष्ठ अकरा पाहिले'. त्यांना दुरुस्त्या कॉम्प्युटरवर करायला सांगितल्या तेव्हा म्हणाले, "आमचं काम शेरा मारण्याचं. अंमलबजावणी खालच्या टेबलावर होते." खालचं टेबल म्हणजे आम्ही.

दुसरा बदल पोराचा. त्याने एका रात्रीत सगळा प्रोग्राम नव्या भाषेत पुन्हा लिहिला. जुना फार घाण होता म्हणाला. नवा फारच सुंदर होता, वाचताना डोळ्यांत पाणी यावं असा. फक्त हजेरी घेत नव्हता. "ते पुढच्या टप्प्यात," पोरगा म्हणाला आणि त्याची परीक्षा सुरू झाली.

तिसऱ्या बदलाने भांडण लावलं. नेटच्या सुरुवातीला प्रोग्राम 'शुभ संध्याकाळ' म्हणतो. आमच्या गावात मराठी, गुजराती, मारवाडी, हिंदी सगळे गुण्यागोविंदाने, म्हणजे एकमेकांच्या पार्किंगवर डोळा ठेवून राहतात. एकाने सुचवलं, 'जय जिनेंद्र' असावं. दुसऱ्याने 'राम राम' पाठवलं. उत्तनच्या कोळी मित्राने 'गुड इव्हनिंग' मागितलं, कारण त्याची आई ऐकत असते आणि तिला तेच आवडतं. आम्ही कोणालाच नाही म्हटलं नाही, सगळी घातली. खुलेपणा म्हणतात तो हाच, अशी आमची कल्पना. त्या रात्री प्रोग्रामने सर्व भाषांत, सर्व धर्मांना, आदराने, सावकाश नमस्कार घातला. एका दमात फार वेळ बोलत राहू नये म्हणून सेटमध्ये एक कुलूप असतं, ठरावीक वेळानंतर ते आवाज आपोआप तोडतं. शेवटच्या नमस्काराच्या मध्यावर ते लागलं. त्या दिवशी आमच्याकडे एकाचीही हजेरी लागली नाही, पण भावना कोणाच्याच दुखावल्या नाहीत.

मूळ दुखणं, म्हणजे घड्याळ, तसंच होतं. त्याला कोणी हात लावत नव्हतं. पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकाने १९५७च्या पुस्तकात एक समिती वर्णिली आहे: ती अणुभट्टीचा खर्च अडीच मिनिटांत मंजूर करते, कारण अणुभट्टी कोणालाच कळत नाही, आणि सायकली ठेवायच्या शेडवर पाऊण तास भांडते, कारण शेड सगळ्यांना कळते. १९९९मध्ये एका डॅनिश प्रोग्रामरने हीच गोष्ट आपल्या सहकाऱ्यांना ऐकवली, तेव्हापासून प्रोग्रामवाल्यांच्या जगात सायकलशेड ही शिवीच झाली आहे. पार्किन्सनची निरीक्षणशक्ती मला मान्य आहे, पण त्याने भाईंदरच्या हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा पाहिली असती तर पाऊण तासावर तो थांबला नसता. आमच्याकडे गळणाऱ्या टाकीचा विषय 'पुढील सभेत' जातो आणि जिन्याच्या रंगावर समोशांची दुसरी फेरी होते. घड्याळाचं तसंच झालं. आतलं गणित कोणालाच येत नव्हतं. नमस्कार सर्वांनाच येत होता.

आणि नाव घालणं येत होतं. प्रोग्रामसोबत एक फाइल असते, तीत हातभार लावणाऱ्यांची नावं लिहितात. एका सभासदाने तीत स्वतःचं नाव घातलं. तेवढाच त्याचा बदल. दुसऱ्याने आपलं नाव त्याच्या वर घातलं. तिसऱ्याने कॉलसाइनसह, चौथ्याने कॉलसाइन आणि जुन्या हुद्द्यासह. खजिनदारांनी 'मार्गदर्शक' असं वेगळं सदर पाडलं, मग 'प्रेरणास्थान' पाडावं लागलं, कारण काका रुसले. ती फाइल आज प्रोग्रामहून लांब आहे. यात आमचंच काही विशेष आहे असं समजू नका. २०२० साली एका अमेरिकन कंपनीने जाहीर केलं होतं की ऑक्टोबरात चार बदल पाठवा आणि टी-शर्ट मिळवा. जगभरच्या नामांकित प्रोग्रामांवर 'हा प्रोग्राम छान आहे' एवढंच वाक्य घुसडणाऱ्या बदलांचा असा पाऊस पडला, की प्रोग्राम सांभाळणारे मेटाकुटीला आले आणि कंपनीला नियम बदलावा लागला. पाठवणाऱ्यांत आपले देशबांधव भरपूर होते. मला त्यांची बाजू कळते. टी-शर्ट कॉटनचा असेल तर वाक्य खरंही असू शकतं.

अखेर घड्याळाची तात्पुरती व्यवस्था झाली: वीज येईल तेव्हा काकांनी उठून प्रोग्रामला वेळ सांगायची. काकांनी ही जबाबदारी तत्त्वतः मान्य केली. वीज गेली की ते झोपतात, आली की पंखा सुरू होतो आणि ते अधिक गाढ झोपतात. त्या पावसाळ्यात प्रोग्रामने पहाटे, भर दुपारी आणि एकदा काकूंच्या हळदीकुंकवात हजेरी घेतली. जमलेल्या बायकांपैकी दोघींनी ओ दिली, त्यांची नोंद लॉगमध्ये आहे आणि त्या बिनपरवान्याच्या असल्याने ती पानं आम्ही उघडत नाही.

आणि एक दिवस खरीखुरी दुरुस्ती येऊन पडली. पाठवणारा कोणी अनोळखी हॅम. पाच ओळी. 'इंटरनेटने वेळेची खात्री दिल्याशिवाय हजेरी घेऊ नये.' एवढंच. आमच्या मित्राने अंधेरी ते मालाड तपासली, चूक सापडेना. त्याने स्वतःच्या सेटवर चालवली, चालली. पाठवणाऱ्याने नावांच्या फाइलला हातही लावला नव्हता, त्यामुळे सगळ्यांना जरा संशय आला.

"राहतो कुठे?" खजिनदारांनी विचारलं.

"वसईला."

सभेत शांतता पसरली. बाहेरच्या वाचकांना याचा अर्थ कळणार नाही. विरार लोकलच्या दारात उभ्या असलेल्या वसई-विरारकरांच्या मते मीरा रोड आणि भाईंदरच्या माणसाने त्यांच्या गाडीत चढणं हे अतिक्रमण आहे. चढलाच तर त्याला उतरू देत नाहीत, आपल्या स्टेशनाचं दर्शन घडवून पुढे नेतात. आमच्या ग्रुपमधल्या एकेकाने अशी वसई अनेकदा पाहिलेली आहे, आणि दर वेळी इच्छेविरुद्ध.

"त्यांनी आम्हाला गाडीत शिरू द्यायचं नाही," खजिनदार थरथरत म्हणाले, "आणि आम्ही त्यांना प्रोग्राममध्ये शिरू द्यायचं?"

"पण प्रोग्राम सर्वांना खुला आहे," पोरगा म्हणाला.

"गाडीसुद्धा आहे!"

याला उत्तर नव्हतं. मतदान घ्यावं, चौकशी समिती नेमावी, दुरुस्ती घ्यावी पण ओळी आपल्या पद्धतीने उलट क्रमाने लावाव्यात, असे नाना प्रस्ताव आले. काकांनी 'पाहिले' असा शेरा मारला. शेवटी सर्वानुमते एक तोडगा निघाला आणि तो कळवायचं काम सेक्रेटरी म्हणून माझ्यावर आलं. रात्री खाडीपलीकडे सेट लावून मी त्या वसईकराला अट वाचून दाखवली: त्याची दुरुस्ती आमच्याकडे कायमची घेतली जाईल, मोबदल्यात संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये आमच्या सभासदांपैकी निदान एकाला बोरिवलीपासून चौथी सीट, म्हणजे तिघांच्या बाकाची कड, मिळावी.

पलीकडून बराच वेळ नुसती खरखर आली.

"दुरुस्ती तुम्ही अशीच ठेवा हो," तो म्हणाला. "चौथी सीट माझ्या हातात नाही. ती आमच्या डब्याच्या ग्रुपची. मलासुद्धा तिसरा महिना लागला तरी अजून उभं ठेवलंय."